इंजिनिअरिंग करून एचआरमध्ये पीएचडी? करू द्या की!



बरेच महिने नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो, कारण आमच्या घरात गेले दोन महिने एकच विषय चालू आहे आणि इथल्या बऱ्याच जणांच्या घरी तो आज ना उद्या येणार आहे. मजकूर जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

माझ्या सख्ख्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडीला प्रवेश मिळाला. फी माफ, वर स्टायपेंड. आनंदाचीच बातमी की नाही? पण ताईचा रात्री अडीचला फोन आला तो अशा आवाजात, की मला वाटलं बाबांचं काहीतरी झालं. विषय काय, तर ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट आणि लेबर रिलेशन्स.

"अरे, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे ती! पुण्यातली चांगली नोकरी सोडून टाटा इन्स्टिट्यूटला गेली तेव्हा आम्ही गप्प बसलो. म्हटलं, निदान एखाद्या मोठ्या कंपनीत एचआर मॅनेजर होईल. आता म्हणते प्रोफेसर होणार, आणि तेही कामगार या विषयात. तू मामा आहेस, तुझं ऐकते ती. समजाव जरा."

मी समजवायला गेलो. प्रामाणिकपणे सांगतो, माझंही मत तेव्हा ताईसारखंच होतं. आपल्या इंजिनिअर जमातीत एचआरबद्दल काय बोललं जातं ते वेगळं सांगायला नको. दिवाळीला रांगोळी स्पर्धा घेणारे, ऑफर लेटरमध्ये आकडे फिरवणारे, आणि कमी करायच्या दिवशी शेजारी बसून कागद वाचणारे लोक. त्यात पीएचडी कसली करायची?

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, तू हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर चिडतोस म्हणून मेडिकल कॉलेज बंद करायचं का?"

इथे माझी पहिली विकेट पडली.

मग मी आमच्या सवयीप्रमाणे वाचायला लागलो. आणि मला कबूल करायला हवं, की माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, पिस्कॅटवेला, रटगर्सचं एक अख्खं स्कूल याच विषयाचं आहे, स्कूल ऑफ मॅनेजमेंट अँड लेबर रिलेशन्स, हे मला एडिसनमध्ये इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. तिथल्या पार्किंग लॉटवरून शेकडो वेळा गेलोय. त्याचं मूळ १९४७ चं. कॉर्नेलचं आयएलआर स्कूल त्याच्या दोन वर्षं आधीचं, १९४५ चं. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानं ते काढलं आणि ज्या समितीतून ती कल्पना आली तिचा प्रमुख आयव्हज हाच पहिला डीन झाला. मिनेसोटा, इलिनॉय, मिशिगन स्टेट, सगळीकडे अशी केंद्रं साधारण त्याच काळात निघाली. कारण साधं होतं. युद्ध संपलं होतं, १९४५-४६ मध्ये अमेरिकेत संपांची लाट आली होती, आणि कारखानदार व युनियन दोघांनाही टेबलावर बसून करार करता येणारी माणसं हवी होती. रूझवेल्टची मजूरमंत्री फ्रान्सेस पर्किन्स, जी अमेरिकेतल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री, तिनं आयुष्याची शेवटची वर्षं, १९६५ साली जाईपर्यंत, कॉर्नेलच्या या स्कूलमध्ये शिकवण्यात घालवली. रांगोळी स्पर्धेचा आणि या सगळ्याचा काही संबंध नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल.

आपल्याकडेही हे नवं नाही. टाटा इन्स्टिट्यूट १९३६ ची, जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ ची. एचआरडी हा शब्द भारतीय कंपन्यांत रुळला तो उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबाद आयआयएमच्या दोन प्राध्यापकांनी १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोसाठी केलेल्या कामातून. म्हणजे प्राध्यापकांनी आधी मांडलं, मग कंपन्यांनी उचललं. आपण मात्र समजतो की एचआर हे कंपनीतच उगवतं आणि तिथेच वाळतं.

तरी माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. म्हटलं, यात मोजण्यासारखं काय आहे? तर भाचीनं एक पेपर पाठवला. मार्क हुसेलिड, रटगर्स, १९९५. जवळपास हजार अमेरिकन कंपन्यांची पाहणी करून त्यानं काढलं, की निवड, प्रशिक्षण, पगाराची कामगिरीशी सांगड वगैरे पद्धती जिथे चांगल्या, तिथे नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण सुमारे सात टक्क्यांनी कमी, आणि दर कर्मचाऱ्यामागे विक्री वर्षाला सत्तावीस हजार डॉलरनं जास्त. मी लगेच म्हणालो, हे तर उलटंही असेल! ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच प्रशिक्षणावर खर्च परवडतो. त्यावर तिनं दुसरा पेपर पाठवला, २००५ चा, पॅट्रिक राइट आणि सहकाऱ्यांचा, ज्यात नेमकी हीच शंका तपासली आहे. निष्कर्ष असा, की आधीच्या वर्षांची कामगिरी आणि एचआर पद्धती यांचा संबंधही तितकाच घट्ट दिसतो, म्हणून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे छातीठोकपणे सांगू नका. मला आवडलं हे. आपल्याच विषयाचा सर्वात गाजलेला आकडा उलटा करून बघणारे लोक. आमच्या ऑफिसात डॅशबोर्डवरच्या आकड्याला कुणी असा प्रश्न विचारला असता तर?

आता जरा स्वतःबद्दल. हे लिहू की नको असा विचार करत होतो.

२०२२ च्या शेवटी मी टीम लीड होतो. वरून निरोप आला, की सगळ्यांना एका रांगेत लावा, खालची दहा टक्के वेगळी काढा. माझ्या गटात कोणी वाईट नव्हतं. मी एक्सेल शीट बनवली. वजनं ठरवली, फॉर्म्युले घातले, दोन नावं खाली येईपर्यंत. आधी तीच दोन नावं माझ्या मनात होती का, की फॉर्म्युल्यानं ती दिली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एक जण रजेवरून नुकती परतलेली, दुसरा मीटिंगमध्ये फारसं न बोलणारा. दोघं गेले. मला त्या वर्षी बोनस बरा मिळाला.

२०२३ मध्ये माझी पाळी आली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, ओळखीचा चेहरा एकही नाही, एचआरची मुलगी कागद वाचत होती आणि तिचाही आवाज कापत होता. त्या रात्री भाचीला फोन केला. ती तेव्हा देवनारला टाटा इन्स्टिट्यूटच्या हॉस्टेलवर होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "मामा, न्यू जर्सीत आहेस ना? नव्वद दिवसांची नोटीस दिली का?"

मला काहीच माहीत नव्हतं! फेडरल वॉर्न कायदा १९८८ चा, त्यात साठ दिवस. पण न्यू जर्सीनं आपला कायदा कडक केला आणि १० एप्रिल २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना मोठ्या कपातीच्या वेळी नव्वद दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. म्हणजे जे पॅकेज मी कंपनीची मेहेरबानी समजत होतो त्यातलं बरंचसं कायद्यानं देणं होतं. बारा वर्षं या देशात, एच-वन-बीचे साठ दिवस तोंडपाठ, ग्रीन कार्डच्या तारखा तोंडपाठ, आणि ज्या राज्यात टॅक्स भरतो तिथला नोकरीचा कायदा मला मुंबईत हॉस्टेलच्या खोलीत बसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीनं सांगितला.

माझ्याबरोबर एक पन्नाशीचे तेलुगू सहकारी गेले. त्यांच्या पाकिटात एक जास्तीचा कागद होता. १९९० च्या एका कायद्यानुसार, गटानं माणसं कमी करताना चाळिशीच्या वरच्यांकडून दाव्याचा हक्क सोडल्याची सही घ्यायची असेल, तर त्यांना पंचेचाळीस दिवस विचाराला द्यावे लागतात, सही केल्यावर सात दिवस ती मागे घेता येते, आणि त्या गटातले कोणत्या पदाचे, किती वयाचे लोक निवडले व कोणते ठेवले याची यादी द्यावी लागते. नावं नसतात, फक्त पद आणि वय. आम्ही दोघं त्यांच्या किचनमध्ये बसून ती यादी बघत होतो. वयावरून आम्हाला प्रत्येक माणूस ओळखू येत होता. माझी ओळ पण होती. आणि मला त्या क्षणी माझी स्वतःची शीट आठवली. तीही अशीच दिसत होती.

पुढे भाचीनं त्याबद्दलही एक पेपर दिला (या मुलीकडे प्रत्येक दुखण्यावर पेपर आहे :-)). स्कलन आणि सहकारी, २००५, पर्सोनेल सायकॉलॉजी. त्यांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चालवलं, की दरवर्षी खालची काही टक्के माणसं काढत गेलं तर काय होतं. सुधारणा होते, पण बहुतेक सगळी पहिल्या काही वर्षांत. मग ती आटत जाते, आणि नंतर तुम्ही जवळपास बरोबरीच्या माणसांतूनच कोणाला तरी काढत राहता. हा पेपर माझ्या शीटच्या सतरा वर्षं आधी छापलेला होता. मायक्रोसॉफ्टनं ही रांग लावण्याची पद्धत २०१३ मध्ये सोडून दिली होती. मी सिम्युलेशन लिहून पोट भरतो, आणि हे मी शोधायला गेलो नाही, कारण "एचआरमध्ये वाचण्यासारखं काय असतं?"

नोकरी मला दुसऱ्या महिन्यात मिळाली. असो.

पण ताईचा विरोध एचआरला तितका नव्हताच, कामगार या शब्दाला होता. आणि त्याचं मूळ आमच्या घरात आहे.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते, बाबा त्याच गिरणीत बदली. बदली म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत घरी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ताई सहा वर्षांची होती. माझा जन्म नंतरचा. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. आजोबा गावी गेले ते परत आले नाहीत. आजीची भांडी विकली गेली ती ताईनं पाहिलीत. बाबा शेवटी डोंबिवली एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागले, आणि त्यानंतर आमच्या घरात युनियन हा शब्द कोणी उच्चारत नसे. "संपानं घर खाल्लं", एवढंच आजी म्हणायची. मला इंजिनिअर करण्यामागे बाबांचा एकच हिशेब होता, पोरगा पुन्हा गेटवर उभा राहता कामा नये.

मी हे सगळं भाचीला ऐकवलं. म्हटलं, याच घरातली तू, आणि तुला हाच विषय सापडला? ती म्हणाली, "म्हणूनच तर." आणि मग तिनं मला आमच्याच घरची गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. मी लहानपणापासून समजत होतो की तो संप बोनस आणि पगारासाठी होता, आणि डॉक्टर सामंतांनी लोकांना भडकवलं. पगार होताच. पण मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, म्हणजे बाबांचीच. आणि दुसरी म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. त्या कायद्यानं एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन, वाटाघाटी फक्त तिच्याशी. गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार लाखोंनी दुसरीकडे गेले तरी टेबलावर त्यांच्या वतीनं बोलायला कायद्यानं जागाच नव्हती. सगळा दोष कायद्याचा असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. सामंतांचे अंदाज चुकले, मालकांना गिरण्यांपेक्षा जमिनीत रस वाटू लागला होता, यंत्रमाग आले होते. पण आमच्यासाठी कोण बोलणार हा प्रश्न त्या संपाच्या मुळाशी होता, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

यावर अभ्यास कोणी केला? व्हॅन वेर्श नावाच्या डच माणसानं त्या संपावर पुस्तक लिहिलं, १९९२ मध्ये. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या इतिहासावरचं एक मोलाचं काम राजनारायण चंदावरकरांनी केंब्रिजमध्ये बसून केलं. ते २००६ मध्ये गेले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या लोकांच्या तोंडून इतिहास गोळा केला, तो २००४ ला आला. आमच्या घरी यातलं एकही पुस्तक नव्हतं. घर खाल्लं गेलं आमचं, आणि त्याचा अभ्यास मात्र दुसऱ्यांनी करायचा?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा अगदीच वाहवत गेला.

हे करिअर सोपं नाही. पीएचडी चार-पाच वर्षं, पुढे असिस्टंट प्रोफेसर, मग साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा निकाल. तोवर चांगल्या जर्नलमध्ये पेपर लागतात, आणि वरच्या जर्नलमधून शंभरातले नव्वदहून जास्त पेपर परत येतात. शिवाय या विषयाच्या दोन खोल्या आहेत. एक एचआर मॅनेजमेंट, जी बहुतेक बिझनेस स्कूलमध्ये असते, जागा आणि पगार जास्त. दुसरी लेबर रिलेशन्स, जिच्या जागा कमी होत चालल्यात. अमेरिकेत १९५० च्या दशकात नोकरदारांपैकी साधारण एक तृतीयांश युनियनमध्ये होते. २०२४ मध्ये ९.९ टक्के, खासगी क्षेत्रात तर ५.९ टक्के. मग विद्यापीठांनी पाट्या बदलल्या, इंडस्ट्रियल रिलेशन्स जाऊन एचआर पुढे आलं. भाचीचा ओढा दुसऱ्या खोलीकडे आहे आणि नोकऱ्या पहिल्या खोलीत आहेत, यावरून आमचं अजूनही वाजतं. माझं म्हणणं, आकडेशास्त्र पक्कं कर, पहिल्या खोलीतले दोन पेपर आधी लिही, मग हवं ते कर. तिचं म्हणणं, असं नंतर करू म्हणणारे नंतर करत नाहीत. तिचं बरोबर असावं अशी मला भीती आहे.

आणखी एक खोच. कंपन्यांवर संशोधन करायचं तर डेटा कंपनीच देते. ज्या कंपनीनं दार उघडलं तिच्याबद्दल कडू लिहायला किती जण धजावतात? यावर तिच्याकडे पेपर नव्हता. :-)

व्यवहाराचं म्हणाल तर पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. विद्यापीठातल्या नोकरीला एच-वन-बीची लॉटरी लागत नाही, ती मर्यादेबाहेर आहे. ताईला यातलं एवढंच पटलं.

मला स्वतःला जे पटलंय ते वेगळं. आपण आयटीवाले स्वतःला कामगार समजत नाही. पण भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, कारखान्यांत सरकारी परवानगीशिवाय माणसं कमी करण्याची मर्यादा शंभरावरून तीनशेवर गेली आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी त्या उघडून पाहिल्यात? पुण्यातल्या आयटीत काम करणारे आपलेच भाऊबंद त्यातल्या कामगार या व्याख्येत बसतात की नाही यावर वर्षानुवर्षं भांडणं होणार आहेत. कॉर्नेलचे सरोश कुरुविला यांच्यासारखे लोक भारतातल्या आउटसोर्सिंग उद्योगातल्या नोकऱ्यांवर २००८ पासून लिहिताहेत. त्यांच्या पेपरमधली गळती म्हणजे मी आणि तुम्ही, दर अठरा महिन्यांनी नोकरी बदलणारे. आपल्याबद्दल लिहिलेलं आपणच वाचत नाही.

तेव्हा मी ताईला फोन करून सांगितलं, की मी तिला समजवायला गेलो आणि तिनं मलाच समजावलं, जाऊ दे तिला. ताई दोन आठवडे बोलली नाही. मग परवा बाबांनी फोन घेतला. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी भाचीचा विषय काढला नाही. म्हणाले, "ती म्हणत होती, गिरणीचं माझं बदली कार्ड असेल तर दे. सापडलंय. कुरियर करू का तुझ्याकडे?" चव्वेचाळीस वर्षं ते कार्ड त्यांनी ठेवलं होतं, आणि आम्हा कोणाला माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये ती नेवार्कला उतरेल, आठवडाभर आमच्याकडे राहील. तिला माझी मुलाखत घ्यायची आहे, त्या एक्सेल शीटबद्दल. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे संमतीचा फॉर्म असतो, तो तिनं नमुना म्हणून आधीच पाठवलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

इथे वाचणाऱ्यांपैकी कोणी या विषयात पीएचडी केली असेल किंवा घरातलं कोणी करत असेल, तर कृपया लिहा. विशेषतः नोकरीच्या बाजाराबद्दल आणि लेबर रिलेशन्सच्या जागांबद्दल. मी वर लिहिलेलं सगळं बाहेरच्या माणसाचं आहे, चुकलं असेल तर सुधारा.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक एडिसनकर मामा